लाल दाण्याचे मातेरे

एकदा एका बाजारगावात एक वृद्ध धान्यव्यापारी राहत असत. सारी पेठ त्यांना आप्पा म्हणे. शाळेशी त्यांचा संबंध फारसा आला नव्हता. पण ज्वारीची मूठ हातात घेतली की ती कोणत्या शिवारातली, किती वाळलेली आणि विकणारा किती खोटे बोलतो आहे, या तिन्ही गोष्टी ते सांगत, अशी ख्याती होती. पहिल्या दोन गोष्टी ऐकीव आहेत. तिसरीबद्दल मात्र पेठेत दुमत नव्हते.

आप्पांच्या पेढीवर मन्मथ नावाचा एक तरुण व्यापार शिकण्यासाठी आला होता. शेतकी महाविद्यालयात शिकलेला, कष्टाळू, शब्दाला पक्का. आप्पांनी त्याला गादीवर न बसवता गोदामात उभे केले. ते म्हणत, "गादीवर भाव कळतो, माल गोदामात कळतो."

त्या वर्षी पेढीने बियाण्याचे काम नव्याने घेतले होते. पेरणीपूर्वी ज्वारीची मोठी पोती येत, गोदामात ती फोडून लहान पिशव्या भरल्या जात आणि त्या गावोगावच्या दुकानांत रवाना होत. ही ज्वारी खाण्याची नव्हे. जमिनीत गेल्यावर कीड आणि बुरशी लागू नये म्हणून तिला विषारी औषध चोळलेले असते, आणि कुणी चुकून खाऊ नये म्हणून लालभडक रंग दिलेला असतो. दिसायला मात्र मोठी देखणी. गौरीपुढे रास मांडावी अशी.

मन्मथने काम हाती घेतले ते नेटकेपणानेच. माल येण्याच्या आदल्या दिवशी त्याने हमाल, तोलार, पिशव्या शिवणारे कारागीर अशा सर्वांना एकत्र बसवले. हा दाणा विष आहे, तोंडाला लावायचा नाही, जनावराला घालायचा नाही, हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही, जेवणापूर्वी साबणाने हात धुवायचे, असे त्याने समजावून सांगितले. नुसते सांगून थांबला नाही, शेषराव मुकादमाकडून सगळे वदवून घेतले. शेषराव हा हमालांचा म्होरक्या. शरीर बेताचे, आवाज मात्र दोन पोत्यांचा.

"ऐकलं का रे?" शेषराव गरजला. "तोंडाला लावायचं न्हाई! ज्याला लईच हौस असंल त्यानं आधी बायकूला इचारून यावं, म्हंजी तिला दुसऱ्याचं बगाया बरं!"

सगळे हसले, पण सगळ्यांना कळले. मन्मथने गोदामाच्या दर्शनी शटरवर कवटीचे चित्र असलेली मोठी पाटी लावली आणि समाधानाने आप्पांकडे येऊन बसला.

"सांगितलंस सगळ्यांना?" आप्पांनी विचारले.

"सगळ्यांना."

"म्हणजे कुणाकुणाला?"

"गोदामात काम करणाऱ्या प्रत्येकाला, आप्पा. हजेरीवरचं एकही नाव सोडलं नाही."

आप्पांनी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ होकार होता की नकार, हे मन्मथला कळले नाही. आप्पांच्या गिऱ्हाइकांनाही ते कधी कळत नसे. त्यावरच निम्मा धंदा चालत असे.

काही दिवस काम सुरळीत चालले. मग एका दुपारी आप्पा स्वतः गोदामात आले. मागे हातगाडीवर एक पोते होते. त्यांनी ते उतरवून घेतले, गोदामाच्या मधोमध उभे करवले, कमरेचा चाकू काढला आणि कुणी काही विचारण्यापूर्वी पोत्याचे पोट उभे फाडले. लाल ज्वारीचा ढीग भळाभळा फरशीवर सांडला.

मन्मथ धावत आला. "आप्पा! अहो, हे काय केलंत? बियाणं आहे ते!"

"दिसतंय मला."

"मग भरून घेतो. शेषराव, फावडं आणा."

"कुणी हात लावायचा नाही," आप्पा म्हणाले. "तुमचं रोजचं काम चालू द्या. मन्मथ, तू इथे माझ्याजवळ बस." आणि भिंतीला टेकलेल्या रिकाम्या खोक्यावर ते स्वतः बसले, दोन्ही हात काठीवर ठेवून, जणू भजनाला आले आहेत.

शेषराव शेजारच्या हमालाच्या कानाशी लागला. पण त्याचा आवाज कानाशी मावणारा नव्हता, त्यामुळे सर्वांनाच ऐकू आले. "वय झालं. मागच्या साली आमच्या चुलत्याचं असंच झालं हुतं. पयल्यांदा पोती फाडली, मग धोतर."

"शेषराव," आप्पा म्हणाले, "धोतर अजून आहे. काम करा."

काम सुरू झाले. हमाल ढिगाला वळसा घालून जाऊ लागले. पण पाठीवर ओझे असले की माणूस पायाखाली कमी पाहतो. ढिगाची कड विस्कटली. दाणे चपलांना चिकटून दारापर्यंत गेले, दारातून ओट्यावर गेले. मन्मथ अस्वस्थपणे बसून हे पाहत होता.

येथे आमच्या धंद्याची एक खोड सांगितली पाहिजे. धान्याच्या पेठेत ओलावा मोजायचे पहिले यंत्र म्हणजे दात. दाणा दाताखाली धरायचा. कट्‌कन फुटला तर वाळलेला, चेपला तर ओला. जन्मभर हे केले की हात आपल्या नकळत तोंडाकडे जातो. आमच्या ओळखीच्या एका आडत्याने पोटच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना हातातल्या अक्षतांतला एक दाणा दाताखाली धरला आणि भर मांडवात म्हणाला, "ओला आहे." व्याही पुढे वर्षभर बोलले नाहीत.

तर झाले असे की शेषराव गाडीवानाशी आपल्या व्यालेल्या म्हशीबद्दल बोलत उभा होता. बोलता बोलता तो वाकला, ढिगातला एक दाणा उचलला आणि म्हैस किती लिटरवर आली हे सांगत सांगत तो दाणा दाताकडे नेला.

काठी फरशीवर आपटली. "शेषराव!"

शेषराव दचकला, हातातल्या दाण्याकडे विंचवाकडे पाहावे तसा पाहू लागला आणि त्याने तो लांब फेकला. "आईच्यान सांगतो आप्पा, मी न्हाई, हातच गेला!"

"हात कुणाचा?" आप्पांनी विचारले. हमाल खो खो हसले. मन्मथला मात्र हसू आले नाही. ज्याच्याकडून त्याने सगळे वदवून घेतले होते, तोच हा माणूस.

"हातमोजे कुठं हायती म्हनून इचारा त्याला," मागून कुणीतरी म्हणाले.

"उकडतंय," शेषराव पुटपुटला आणि हातमोजे शोधायला गेला.

संध्याकाळ झाली. पिशव्यांची गाडी भरून गेली, हमालांनी हात धुतले, शटर खाली आले. मन्मथ उठला. "आप्पा, कळलं मला. सवयीचं पुन्हा पुन्हा सांगायला हवं. उद्यापासून रोज सकाळी सांगेन. आता हे भरून घेऊ का? गोदाम बंद झालं."

"गोदाम बंद झालं, की तुझं काम बंद झालं?" आप्पा म्हणाले. "बस."

थोड्या वेळाने गोदामाचे मागचे लहान दार करकरले. हातात झाडू आणि सूप घेऊन प्रयागबाई आत आली. उतारवयाची, काटक बाई. कित्येक वर्षे या गोदामाची झाडलोट तीच करत आली होती. हमाल गेल्यावर ती मागच्या दाराने येई आणि झाडून मागच्याच दाराने जाई. दर्शनी शटर तिच्या वाटेवर येतच नव्हते.

कोपऱ्यात बसलेल्या दोघांना पाहून तिने पदर सावरला. "आज आप्पा बी हायती व्हय! आन हे काय, इतकं सांडलंय? देव पावला मला." आणि ती कामाला लागली.

मातेरे म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. दिवसभराच्या उलाढालीत जे धान्य खाली सांडते आणि मातीत मिसळते, ते मातेरे. जुन्या पेठांतला अलिखित करार असा, की झाडणारीला रोख मजुरी नावापुरती, मातेरे तिचे. ती ते झाडून गोळा करते, पाखडते, खडे वेचते आणि घरी नेते. कित्येक घरांच्या चुली यावर पेटल्या आहेत. या बायांची नावे कुठल्याही हजेरीवर नसतात, कारण त्यांना काही मोजून द्यावे लागत नाही. ज्याला काही द्यावे लागत नाही, त्याची आठवण व्यापाऱ्याला कशाला राहील?

प्रयागबाईने सूप पुढे घेतले. माती एकीकडे, काडीकचरा एकीकडे, आणि लाल दाणे निराळ्या फडक्यात. हात असे चालत होते की पाहत राहावे.

मन्मथ हळूहळू उभा राहिला. "मावशी, हे लाल दाणे निराळे कशाला ठेवता?"

"मातेरं हाय मालक. माझंच असतंय ते. इचारा आप्पांना."

"तुमचंच आहे, त्याबद्दल नाही म्हणत. पण या लाल दाण्याचं करता काय तुम्ही?"

"खायला. दुसरं काय करत्यात ज्वारीचं?" ती हसली. "रंग दिलाय कुनीतरी, पर दोन-तीन पान्यानं धुतलं की पांढरं व्हतंय. दाना बगा की, सगळा एकसारखा, एक बी किडका न्हाई. इतकं चांगलं मातेरं उभ्या जन्मात घावलं न्हवतं. माल आल्यापासनं साठवून वाळवलंय. आज सुनंला म्हनलं, जा, दळून आन, पोरांना नव्या ज्वारीची भाकर घालू."

मन्मथने आप्पांकडे पाहिले. आप्पा काठीवर भार देऊन उभे राहत होते आणि त्यांचा चेहरा बदललेला होता. हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

"कुठली गिरणी?" मन्मथने विचारले.

"मारुतीच्या पारामागची. का वो?"

उत्तर द्यायला तो थांबला नाही. पेठेत व्यापारी पळताना दिसला की लोकांना दोनच कारणे सुचतात, भाव पडला किंवा धाड पडली. त्या संध्याकाळी मन्मथ पेठेतून पळाला तेव्हा दोन दुकानदारांनी घाईने शटर ओढून घेतले म्हणतात.

गिरणीपाशी पोचला तर जाते थांबलेले होते. दुपारपासून वीज नव्हती. डबे आणि पिशव्या ओळीने मांडलेल्या, बाया पारावर गप्पा मारत बसलेल्या. "प्रयागबाईंच्या सूनबाई कोण?" त्याने धापा टाकत विचारले. एक तरुण बाई उठली. तिच्या पायाशी पत्र्याचा डबा होता. त्याने झाकण काढले. आत फिकट गुलाबी ज्वारी, स्वच्छ निवडलेली, काठोकाठ.

"दळलं नाही ना यातलं काही?"

"लाईट कुठाय दळाया?"

त्याने डबा उचलला. तशी तिने डब्याची कडी धरली. "आवं, ठेवा खाली! गोदामं भरलेली असत्यात तुमची, आन सासूच्या मातेऱ्यावर बी डोळा?"

पारावरच्या बाया उठून जवळ आल्या. "शेटजी, लाज हाय का न्हाई?" एकजण म्हणाली.

मन्मथने डबा सोडला नाही, पण आवाज खाली आणला. "ताई, यात विष आहे. पेरायचं बियाणं आहे हे. रंग धुतला तरी औषध जात नाही."

कडी तिच्या हातातून सुटली. मग गिरणीवाला आतून म्हणाला, "आमच्या जात्यात पडलं असतं तर मागच्या सगळ्यांच्या पिठात गेलं असतं की हो."

"पोरांनी खाल्लं का यातलं काही?" मन्मथने विचारले.

"न्हाई. आजच दळाया आनलंय." ती थांबली. "चुरा तेवढा कोंबड्यांना टाकला हुता. दोन गेल्या. आत्या म्हनल्या, मानमोडी आली गल्लीत." तिने मन्मथकडे सरळ पाहिले. "मालक, तुमाला ठाव हुतं न्हवं हे? मग आमाला कुनी कसं न्हाई सांगितलं?"

मन्मथच्या जिभेवर उत्तर तयार होते. सर्वांना सांगितले होते, पाटी लावली होती, एकही नाव सोडले नव्हते. ते त्याने गिळले आणि डब्याचे झाकण घट्ट लावले.

"आन आता भाकर कशाची करू?" ती म्हणाली. रागाने नव्हे; खरोखरच विचारत होती.

तोवर आप्पा आणि प्रयागबाई येऊन पोचले होते. वाटेत आप्पांनी तिला सगळे सांगितले असावे, कारण ती सरळ सुनेजवळ जाऊन उभी राहिली आणि डब्यातल्या ज्वारीवरून एकदा हात फिरवायला गेली, पण हात मध्येच मागे घेतला. "किती निवडून निवडून आनली हुती," एवढेच म्हणाली.

"प्रयागबाई," आप्पा म्हणाले, "याच डब्याच्या मापाने खायची ज्वारी आत्ता पेढीवरून येईल. आणि यापुढे रोज जितकं लाल मातेरं निघेल, तितक्याच मापाने चांगली ज्वारी घेऊन जायची."

"फुकट कशाला देता आप्पा? धर्म नगं."

"धर्म नाही. मातेरं तुझं आहे, ते मी तुझ्याकडून घेतो. विष म्हणून निराळं ठेवून बियाण्याच्या कंपनीला परत धाडायला. व्यवहार आहे हा. घासाघीस करायची तर कर."

"मग कोंबड्या बी धरा त्यात," प्रयागबाई म्हणाली.

"धरल्या," आप्पा म्हणाले.

परतताना अंधारून आले होते. मन्मथ डबा छातीशी धरून चालत होता. तो म्हणाला, "आप्पा, तुम्ही पोतं फाडलंत. त्या दाण्यांनीसुद्धा कुणाचा जीव गेला असता."

"ती आपल्या घरची खायची ज्वारी होती," आप्पा म्हणाले. "जिलेबीला आचारी जो रंग घालतो ना, तो चोळून आणली होती."

मन्मथ थबकला. "मग मला तरी सांगायचं!"

"सांगितलं असतं तर तू दाण्याकडे पाहिलं असतंस का? माझ्याकडे पाहून हसत बसला असतास." मग थांबून म्हणाले, "हे बघ मन्मथ. तू मला म्हणालास, काम करणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. मी मनात म्हटलं, काम कोण करतं हे हजेरी सांगते. पण दाणा कुणाच्या हाती जातो, हे हजेरीला ठाऊक नसतं. ते दाण्यालाच विचारावं लागतं. म्हणून मी दाण्याला मोकळं सोडलं आणि तो कुठे जातो ते पाहत बसलो. प्रयागबाई त्या वाटेवर आहे हे मलाही सुचलं नव्हतं बरं. इतकी वर्षं ती माझंच गोदाम झाडते, आणि मी तिला विसरलो होतो. आपण निरोप देतो तो आपल्या ओळखीच्या माणसांना, दिवसाउजेडी, पुढच्या दाराने. विष मागच्या दारानेही बाहेर पडतं. ते जिथवर जातं, तिथवर निरोप गेला तर तो निरोप. नाहीतर पाटी ही फक्त आपल्याला झोप लागावी म्हणून असते."

"आणि ज्वारीची अदलाबदल?"

"तिला नुसतं सांगितलं असतं, खाऊ नको, तर तिने ऐकलं असतं. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी घरात पीठ नसतं आणि तिने तीनाऐवजी पाच पाण्यांनी धुतलं असतं. जे ऐकल्याने माणसाच्या ताटातली भाकरी जाते, ते सांगताना दुसरी भाकरी हातात घेऊनच जावं. आज विजेने आपली लाज राखली, मन्मथ. ती रोज जाईल असं नाही."

अशा प्रसंगी वीज गेल्याबद्दल माणूस देवाचे आभार मानतो आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली की मंडळाला शिव्या घालतो. मन्मथने यातले काहीच केले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू होण्यापूर्वी तो गोदामाच्या दारात येऊन उभा राहिला. सगळ्यांना वाटले, आता पुन्हा तोच पाठ म्हणवून घेणार. शेषरावाने तर घसाही खाकरला होता. हातमोजे त्याने आज न सांगता चढवले होते.

मन्मथ मात्र त्याच्या सदऱ्याकडे पाहत होता. बाह्या, खांदे, पाठ, जिथे जिथे पोते टेकते तिथे तिथे लालसर भुकटी बसलेली होती.

"शेषराव, हा सदरा घरी कोण धुतं?"

"बायकू. का वो मालक?"

"कुठे धुतात?"

"दारातल्या दगडावर. तितंच तर सगळं असतंय आमचं. भांडी तितंच, धुनं तितंच." शेषरावाला यात थट्टेचा काही वास येईना, म्हणून तो स्वतःच हसला. "काय झालं काय? नीट निघंना का डाग? तिला सांगतो, अजून घासायला."

"तुम्ही नका सांगू," मन्मथ म्हणाला. त्याने कपाटातून साबणाच्या वड्या आणि गोदामात घालून गोदामातच काढून ठेवायच्या सदऱ्यांसाठी कोरे कापड काढले, काखोटीला मारले आणि चपला पायात सरकवल्या. "चला, घर दाखवा तुमचं."